दुखण्याचा फोटो

आमच्या भागात कुणी "मिरजेला चाललोय" म्हटलं, की ऐकणारा लगेच विचारतो, "कोण आजारी हाय?" मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे, सतार-तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली आहे, रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, पण कवठेमहांकाळ, जत, सांगोल्याकडच्या माणसाला मिरज म्हणजे दवाखाना. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर तिथं आले आणि १८९४ साली त्यांनी इस्पितळ उभं केलं. त्याच्यामागं एकेक करत किती दवाखाने झाले त्याला गणती नाही. १९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाईट रेल्वेचे अरुंद रूळ मिरजेला येऊन भिडले. लोक त्या गाडीला वारीची गाडी म्हणत. आमच्या घराला मात्र ती दुखण्याची गाडी म्हणूनच आठवते.

१९९२ ते १९९६ या चार वर्षांत आमच्या घरात जे घडलं ते मी इथं लिहितो आहे. ज्या पोरीचं हे दुखणं, ती माझी थोरली. आता तिची मुलं कॉलेजात जातात. लिहू का, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "लिवा की आप्पा. पर तुमची चूक बी लिवा." तेव्हा तीही लिहितो.

१९९२ च्या दिवाळीत थोरली तेरा वर्षांची होती. हायस्कूल शेजारच्या गावात, चालत तीन किलोमीटर. सकाळी आडावरून पाण्याच्या दोन खेपा करून ती शाळेला जायची. पाठ दुखते म्हणू लागली. आम्ही म्हणालो, लचक भरली असेल. तेल चोळलं. गुण येईना, तेव्हा आमच्या म्हातारीनं, म्हणजे माझ्या आईनं, पाठीच्या कण्याशेजारी बिब्ब्याचे डाग दिले. पोरगी वाळत चालली, संध्याकाळचं अंग कोमट लागायचं. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. चाळीस पोरांची हजेरी घेणारा माणूस, पण घरातली पोरगी रोज थोडी थोडी कमी होत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या जुलैत ती एक दिवस शाळेतून एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी कुठं म्हणून विचारलं, तर तिला ठाऊकच नव्हतं. चप्पल पायातून सुटली आणि पायाला कळलं नाही. त्या रात्री तिच्या आईनं तिची पाठ दिव्यापुढं धरून मला दाखवली. कण्यावर सुपारीएवढा उंचवटा आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेच्या गाडीत बसलो.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "मणक्याचा क्षय." क्षय म्हणजे खोकला आणि थुंकीतून रक्त, एवढंच मला माहीत. हाडाला क्षय होतो हे ऐकून मी खुळ्यासारखा त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी शांतपणे समजावलं. जंतूंनी दोन मणके पोखरलेत, ते एकमेकांत दबलेत, म्हणून पाठीला पोक येतंय. आतला पू मज्जारज्जूवर दाबतोय, म्हणून पायांना खबर पोचत नाही.

हा रोग किती जुना आहे ते मला पुढं वाचनात सापडलं. इजिप्तमधल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पुजाऱ्याच्या ममीत असाच मोडलेला कणा आणि शेजारी पुवाची पिशवी मिळाली आहे. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली पोक आणि पायांचा लुळेपणा यांची सांगड घालून दाखवली, म्हणून इंग्रजीत या रोगाला त्यांचं नाव पडलं. त्यांचा उपाय काय होता? पोकाच्या दोन्ही बाजूंना कातडी जाळून जखम करायची आणि ती वाहती ठेवायची. ते वाचलं तेव्हा मला म्हातारीचे बिब्ब्याचे डाग आठवले. आम्ही म्हातारीला अडाणी म्हणत होतो, पण दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या मोठ्या डॉक्टरांचं तरी काय निराळं होतं! क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जगापुढं मांडला, आणि त्याच्यावर खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आलं ते १९४० नंतर. तोवर या रोगाची पोरं महिनोन्‌महिने फळीला, साच्याला जखडून ठेवत.

आमच्या पोरीच्या कामाला आला तो शोध हाँगकाँगचा. तिथं हॉजसन आणि स्टॉक या डॉक्टरांनी पाठीमागून न जाता छातीच्या बाजूनं मणक्यापर्यंत जाण्याची वाट घातली आणि १९५६ साली ती छापून प्रसिद्ध केली. सडका भाग काढायचा आणि रोग्याचीच बरगडी तिथं आधाराला बसवायची. आपल्याकडं बनारसचे डॉक्टर तुली यांनी त्यातून मधला मार्ग काढला. आधी औषध द्या, बहुतेकांना तेवढ्यानंच गुण येतो. पाय जात राहिले तरच कापा. आमच्या डॉक्टरांनीही तेच केलं. सहा आठवडे औषधं दिली. पोरीची लघवी शेंदरासारखी लाल व्हायला लागली, तेव्हा म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं. तो त्या गोळीचाच रंग होता. पण पायांतलं बळ कमीच होत गेलं. अखेर ऑपरेशन ठरलं.

मी फंडातून कर्ज काढलं, आणि खरसुंडीच्या बाजारात एक खिलार खोंड विकलं. सप्टेंबर १९९३ मध्ये ऑपरेशन झालं. डाव्या कुशीतून, पाठीपासून पुढपर्यंत वीतभराहून मोठा छेद. बरगडी काढून मणक्यात बसवली, हे ऐकल्यावर म्हातारी म्हणाली, "म्हंजे घरचंच लाकूड घराला लावलं म्हणा की."

आम्ही वॉर्डात असतानाच किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत मिरजेत मिरवणुका चाललेल्या. ३० सप्टेंबरची सकाळ उजाडली ती या बातमीनं. गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. पेपर आला की वॉर्डात एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. त्यानंतर वॉर्डात कुणी कण्हलं, की शेजारचा म्हणे, "अरं, तिकडं माणसं जिती गाडली गेली, आन् तू रडतूस?" थोरली त्या रात्री "आप्पा, कूस जळतीया" म्हणाली, तेव्हा मीही हेच म्हणालो. ती गप्प झाली. मला वाटलं, पोरीला समजलं. आज वाटतं, तिला वेगळंच समजलं. आपल्याहून मोठं दुखणं दुसऱ्याकडं असेल, तर आपण बोलायचं नसतं, हे ती त्या रात्री शिकली.

ट्रॅक्समध्ये गादी टाकून तिला घरी आणलं. तीन महिने अंथरूण, मग पाठीला पट्ट्यांचा लोखंडी आधार. पायांत हळूहळू जीव आला. आधी अंगठा हलला, मग घोटा. संक्रांतीला ती दोघींच्या आधारानं मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेली. मी गावात पेढे वाटले. चैत्रात मिरजेला दाखवलं, तेव्हा एक्स-रेत हाड जुळत आलेलं दिसलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आमच्या लेखी दुखणं तिथं संपलं.

तिचं दुखणं मात्र संपलं नव्हतं. डाव्या बाजूला, पाठीपासून कुशीतून पुढं पोटाच्या वरच्या अंगापर्यंत, चार बोटं रुंदीचा एक पट्टा होता. तिथं तिला सतत मिरचीपूड चोळल्यागत व्हायचं. मधूनच कळ यायची. जखम कधीच भरली होती, व्रण कोरडा होता, पण पोलक्याचं कापड लागलं तरी ती दचकायची. रात्री ओला पंचा कुशीवर टाकून पडायची. पंचा वाळला की उठून परत भिजवायची. रांजणाशी पाण्याचा आवाज आला की आम्ही कूस बदलून झोपायचो. आधी तिची आई उठायची. मग तीही दिवसभराच्या भांगलणीनं दमलेली असायची. माणसाला कशाचीही सवय होते, दुसऱ्याच्या दुखण्याची तर फार लवकर.

जून १९९४ ला तिला परत नववीत बसवलं. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती जायची नाही. जुलैत एका सकाळी मी शाळेला निघालो होतो, ही अजून अंथरुणात. मी खवळलो. म्हणालो, "एक्स-रे सरळ हाय. डॉक्टर सांगतोय, हाड जुळलं. मग तुझं दुखतंय कुठं? डोक्यात?"

ती उठून बसली. रडली नाही. म्हणाली, "आप्पा, डोक्यात दुखलं तरी दुखतंच की."

मी हात उगारला होता. तो खाली आला तो म्हातारीच्या आवाजानं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "तुझ्या येळंला दोन रोज कळा दिल्या मी. त्येचा फोटू निघला न्हवता. म्हणून कळ न्हवती व्हय रं?"

मी सायकल काढली आणि गेलो. त्या दिवशी वर्गात एका पोरानं पोट दुखतंय म्हणून सुट्टी मागितली. असल्या पोराला मी आजवर बाकावर उभं केलेलं. त्या दिवशी मात्र तोंडातून शब्द फुटला नाही.

पुढच्या रविवारी रात्री मी तिच्या अंथरुणाशेजारी बसून राहिलो. तिनं किती वेळा पंचा भिजवला ते मोजलं. अकरा वेळा. सोमवारी रजा टाकली आणि तिला घेऊन मिरजेची गाडी धरली. त्या गाडीचे डबे सगळ्या अंगानं हलत. सलगरे गेलं, बेळंकी गेलं, आरग गेलं. दोन-अडीच तास थोरली उजव्या हातानं डाव्या बाजूचं पोलकं अंगापासून लांब धरून बसली होती. मी पहिल्यांदा ते पाहिलं. ती तसं रोजच करत होती.

या खेपेला आम्ही एका वयस्कर डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी रोग परत उलटला नाही ना, हे रक्त तपासून, नवा फोटो काढून बघितलं. नव्हता उलटला. मग त्यांनी मला नाही, तिला विचारलं, "बाळ, कुठं दुखतं? बोटानं रेघ काढून दाखव." तिनं पाठीपासून पुढपर्यंत रेघ काढली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला आणि त्या रेघेवरून हलकेच फिरवला. कापूस! पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "खरं आहे तुझं."

त्या तीन शब्दांनी ती रडली ते हमसून हमसून. दहा महिन्यांत ती अशी रडली नव्हती.

त्यांनी कागदावर बरगडी काढून दाखवली. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यातून एक नस पाठीपासून पुढं जाते. बरगडी काढताना कितीही जपलं तरी ही नस ताणली जाऊ शकते, दुखावू शकते. त्यात कुणाची चूक असतेच असं नाही. हाड फोटोत दिसतं, नसेचं दुखावणं दिसत नाही. मी विचारलं, "पण जखम भरली की हो." ते हसले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मिरजेत आहात. तंबोऱ्याची तार छेडून बोट काढलं, तर लगेच गप होते का? ही तार बोट काढल्यावरही वाजत राहिलीय, आणि आता मेंदूलाही ती ऐकायची सवय लागलीय. डोक्यात आणि अंगात असं वेगळं काही नसतं. दुखणं कुणाचंही असो, कळतं ते डोक्यातच."

म्हणजे माझ्यापेक्षा पोरीचंच शास्त्र बरोबर होतं.

पुढं निवृत्त झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी गोळी लागून नसा दुखावलेले सैनिक बघितले. जखमा भरलेल्या, पण हातापायांत आग. ते सैनिक सतत ओली फडकी गुंडाळून ठेवत. काहीजण तर बुटात पाणी ओतून चालत. मिचेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १८६४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचताना रांजणाशी पंचा भिजवणारी माझी पोरगी मला डोळ्यापुढं दिसली. फिलाडेल्फियातला सैनिक आणि आमच्या दुष्काळी गावातली नववीतली पोर, दोघांनी एकच उपाय शोधून काढला होता, आणि दोघांनाही "नाटक करतो" म्हणणारी माणसं भेटलीच असणार. मग १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की अंगातून येणारी कळ मेंदूकडं जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. ते उघडतंही आणि मिटतंही. जागरण, भीती, काळजी यांनी ते उघडं राहतं. स्पर्श, हालचाल, मन रमणं यांनी ते थोडं मिटतं. पुढच्या संशोधनानं त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण ती फाटकाची गोष्ट मला आमच्या घरावरून पटली. आमच्या घरात ते फाटक आम्हीच उघडं टाकलं होतं.

डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक बारकी गोळी दिली. अमिट्रिप्टिलिन. आमच्या बाजारातला औषधवाला चिठ्ठी बघून माझ्या कानाशी लागला, "गुरुजी, ही डोक्याच्या आजाराची गोळी हाय." डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: ती मोठ्या डोसात उदासीला देतात, बारक्या डोसात नसेची आग कमी करते. सुरुवातीला पोरीच्या तोंडाला कोरड पडायची, सकाळी पेंग यायची. तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा सलग पाच तास झोपली. आम्ही मात्र त्या रात्री जागे होतो, रांजणाचा आवाज का येत नाही म्हणून.

गोळीपेक्षा मोठं काम होतं ते कापडांचं. डॉक्टर म्हणाले होते, तिच्या कातडीला परत शिकवायला पाहिजे, की स्पर्श म्हणजे मार नव्हे. सगळ्यात मऊ कापडापासून सुरू करायचं, दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं, आणि हात तिचाच पाहिजे. दुसऱ्या कुणी लावायचा नाही. म्हातारीनं आपल्या ट्रंकेतलं तीस वर्षं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं काढलं आणि फाडून तिला दिलं. आधी कापूस. मग लुगड्याचा तुकडा. गणपतीनंतर नवं मांजरपाट. दिवाळी गेल्यावर कोरडा पंचा. संक्रांतीच्या सुमाराला तिनं धनगराची काळी घोंगडी कुशीवरून फिरवली, आणि आम्हाला हाक मारली. घोंगडी आपल्यालाही टोचते. तिलाही टोचली. पण तेवढीच, जेवढी आपल्याला टोचते.

हे ओळीनं लिहिलं म्हणून सोपं वाटेल. तसं नव्हतं. यात माझी आणखी एक चूक झाली. मी मास्तर माणूस. मी वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. आज दहा मिनिटं बसायचं, उद्या वीस, परवा तीस. चांगला दिवस आला की मी म्हणे, "आज जमतंय, अजून थोडं." चौथ्या दिवशी पोरगी अंथरुणाला खिळली ती पाच दिवस. परत मिरज. डॉक्टरांनी मला झापलं. "चांगल्या दिवशी जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी अगदीच सोडायचं नाही. घड्याळ बघून थांबायचं, दुखणं बघून नव्हे. आणि वेळापत्रक तिला करू द्या." तिनं केलं. दहाची बारा मिनिटं करायला तिनं आठवडा घेतला. डावा हात वर जात नव्हता. ती भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि जिथं पोचली तिथं कोळशानं खूण करायची. त्या खुणा पुढं कित्येक वर्षं आम्ही पांढऱ्या मातीनं सारवल्या नाहीत.

घरातही एक रीत पडली. तिची आई दर तासाला विचारायची, "दुखतंय काय गं?" एक दिवस थोरली म्हणाली, "आई, तू इचारलंस की मी कुशीकडं बघती, आन् बघितलं की दुखतंय." मग असं ठरलं, की विचारायचं नाही. दिवस वाईट असेल तर तिनं ओला पंचा परड्यातल्या दोरीवर टाकायचा. दोरीवर पंचा दिसला, की त्या दिवशी तिची भांडी धाकट्या भावानं घासायची, आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. पंचा नसेल तर तिची कामं तिला. ऑगस्टात दोरीवर पंचा रोजच असायचा. मार्चात आठवड्यातून दोनदा. हायस्कूलच्या हेडमास्तरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तिला बसकरावर बसणं असह्य झालं की मागच्या खिडकीशी उभं राहून लिहायची परवानगी दिली. पोरी आधी हसल्या, मग कुणी हसेनासं झालं.

सगळं सांगितलं, असं मी वर लिहिलं. पण ते खरं नाही. हेडमास्तरांनाही मी "पडली होती, मणका दुखावला" असंच सांगितलं होतं. गावाला तेच, पाव्हण्यांना तेच. क्षय म्हटलं की पोरीचं लग्न अवघड, ही भीती. क्षय झालेल्या घरचं पाणी न पिणारी माणसं मी बघितली होती. पण या खोट्यानं पोरीच्या तोंडाला कुलूप बसलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. दुखतंय म्हटलं की "कशानं?" आलं, आणि कशानं हे तर सांगायचं नव्हतं. म्हणून ती दुखतंय हेच सांगायची थांबली.

ते कुलूप १९९५ च्या सप्ताहात निघालं. देवळापुढं कीर्तन होतं. बुवांनी मथुरेतल्या कुब्जेचं आख्यान लावलं. पाठीत बाक आलेली कंसाची दासी चंदन घेऊन निघाली आहे. कृष्णानं तिच्या पायावर पाय ठेवला, हनुवटीला दोन बोटं लावली, वर उचललं, आणि ती सरळ झाली. टाळ-मृदंगाचा गजर झाला. घरी येताना अंधारात थोरली म्हणाली, "आप्पा, सरळ झाल्यावर कुब्जेची पाठ दुखत असंल का?"

आख्यान मी लहानपणापासून ऐकत आलो. हे कधी मनात आलं नव्हतं. मी म्हणालो, "दुखत असंल." थोडं चालल्यावर म्हणालो, "बुवा सांगत न्हाईत ते. इचारलं न्हाई कुणी तिला."

"मग सांगू द्या की मला," ती म्हणाली. "क्षय झालता म्हणून सांगू द्या."

त्या वर्षी फेब्रुवारीतच तिची अठरा महिन्यांची औषधं संपली होती. रोग नाही, कुणाला लागण होण्याचा प्रश्न नाही. मी हो म्हणालो. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. चार दिवस कुजबुज झाली. एका घरानं पोरीला आमच्याकडं पाठवणं बंद केलं. पण दोन आठवड्यांनी शेजारच्या वाडीतली एक बाई आपल्या पोराला घेऊन आमच्या दारात आली. त्याचीही पाठ दुखत होती आणि संध्याकाळी अंग तापत होतं. थोरलीनं त्याला अंगणात चालायला लावलं आणि चपलेकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आप्पा, मिरज." त्या पोराचं ऑपरेशन करावं लागलं नाही. औषधांवरच भागलं.

मार्च १९९६ मध्ये ती दहावीला बसली. तीन तासांच्या पेपरात मधून मधून उभी राहिली. ५८ टक्के पडले. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पहिल्या नंबरापेक्षा मला ते जास्त वाटले.

लग्नाचं बघायला आलेल्या दोन स्थळांनी क्षयाचं ऐकून पाठ फिरवली. तिसऱ्यानं नाही फिरवली. आज ती सांगोला तालुक्यात अंगणवाडी चालवते. दुखणं गेलं का? पुरतं नाही. थंडीत कूस जळते, शिंक आली की कळ येते. तिचा शिंपी तिच्या झंपराची डावी बाजू बोटभर सैल शिवतो, सांगावं लागत नाही. ऑपरेशनची खूण फिकी झाली, दुखणं लहान झालं. ते घरातल्या एका कोपऱ्यात पडून असतं, सगळं घर अडवून बसत नाही.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत स्वतःची जागा मिळाली आहे. आमच्या वेळी डॉक्टरांच्या कागदावर त्याला ओळही नव्हती. आणि दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२० साली दुखण्याची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याखाली लिहिलं, की माणूस दुखतंय म्हणतो, त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. मी ते वाचलं तेव्हा म्हातारीला जाऊन वीस वर्षं झाली होती. नाहीतर तिला वाचून दाखवलं असतं. ती म्हणाली असती, एवढं कळायला येवढी वर्सं लागली व्हय?

आता मिरज लाईनचे रूळ रुंद झाले. डबे तेवढे हलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात माझा गुडघा दाखवायला आम्ही त्याच लाईननं निघालो होतो. आरग गेल्यावर थोरलीनं विचारलं, "आप्पा, लई दुखतंय?"

मी म्हणालो, "न्हाई, थोडं."

ती माझ्या हाताकडं बघत होती. मी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसलो होतो.

"खरं सांगा," ती म्हणाली.

मी खरं सांगितलं.